भाकरीचं पद

घरकामाला पुरुषांनीही हात लावावा, या विषयावर संगीत नाटक लिहायचं माझ्या डोक्यात आलं, तेव्हा आमच्या घरात पिठाचा डबा कुठं असतो हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आखाडा बाळापूरच्या शाळेत मी गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात गातो. बायको हे उलट्या क्रमानं सांगते.

मंडळी तीनच. पेटीवर बाजारातले टेलरचाचा, बायकोच्या भूमिकेत अंगणवाडीच्या ताई आणि नवरा मी. तबलेवाला मिळाला नाही, म्हणून शेवटच्या पदाला भाकरी थापण्याचाच ताल धरायचं ठरलं. नाटकात नवऱ्याचे डोळे उघडतात, तो चुलीपुढे बसतो आणि थापत थापत गातो.

माझा बेत पुठ्ठ्याच्या भाकरीचा होता. बायको म्हणाली, "पुठ्ठा थापून कोणाला शहाणं करणार तुमी? खरी करा." मग तिनंच आठवडाभर शिकवलं. वर्तुळाची व्याख्या मी पोरांना उठता-बसता सांगतो, पण त्या आठवड्यात माझ्या परातीत एकही वर्तुळ झालं नाही.

पहिला प्रयोग गावातच झाला. पद रंगलं. अंतऱ्याला भाकरी तव्यावर टाकून मी डोळे मिटून लांबलचक तान घेतली. चाचा पेटीवरून हळूच म्हणाले, "सर, बस करा. भाकर जळून राहिली." मला वाटलं, दाद देताहेत. मी आणखी वर गेलो. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, आदी पलटा, मंग गा!"

लोक असे हसले की शेवटचं भाषण मला करताच आलं नाही. मी तोंड पाडून बसलो. ताई मात्र खूश होत्या. "भाषणापायी कोण थांबलं असतं सर? भाकरीपायी थांबले." डोंगरकडा गावच्या पुढच्या प्रयोगाला प्रेक्षकांतलाच एखादा पुरुष चुलीपुढे बसवू, ही कल्पनाही त्यांचीच.

डोंगरकड्याला मी पद संपवून विचारलं, "कोण येतंय भाकर करायला?" सगळे पुरुष एकदम आपापल्या चपला शोधायला लागले. शेवटी दोस्तांनी ढकलून एका केळीवाल्या शेतकऱ्याला पुढे आणलं. पिकलेल्या मिशा, खांद्यावर रुमाल. त्याची बायको समोरच बसली होती. ती पदरात तोंड घालून हसत म्हणाली, "त्यायला काय बसवता सर! त्यायला चहात साखर किती टाकावी ते समजत न्हाई."

शेतकऱ्यानं हात धुतले. पिठात गरम पाणी घातलं, मळलं, गोळा केला आणि थापायला सुरुवात केली. थापता थापता भाकरी परातीत आपोआप फिरायला लागली. चाचांनी त्याच ठेक्यावर पेटी धरली. मी तोंड उघडलं, पण गावं असं काही वाटेना. भाकरी तव्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरला, पलटली आणि विस्तवावर टम्म फुगली.

टाळ्या पडल्या. त्याची बायको मात्र उभी राहिली होती.

"हे कवा शिकले तुमी?"

"हैदराबादला कामाला व्हतो नं. लगनाच्या आदी."

"आन मी तापानं पडले तवा शेजारणीकून भाकरी आणून राहिले व्हते!"

तो मिशीवरचं पीठ पुसत म्हणाला, "तू कदी ईचारलंच न्हाई."

लोक हसून हसून लोळले. ती तरातरा वर आली. आता ही उलथनं उचलते की काय म्हणून मी मागे सरकलो. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, उभ्यानंच खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिली.

"माह्यापरीस पातळ हाय," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. "धूर झालाय लई."

चुलीत तेव्हा नुसते निखारे होते. शेतकरी खाली बघत उठायला लागला, तर ती म्हणाली, "बसा. आजून एक करा." त्यानं केली. आमचा शेवटचा प्रवेश तसाच राहिला. बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे अशा संशयानं बघत होत्या, की पुरुषमंडळी लगबगीनं घरी निघाली.

परतताना जीपमध्ये चाचा पेटी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसले होते. मधेच माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "सर, एक बात सांगू? मलाबी येते. अम्मी बीमार होती तवा शिकलो."

"मग घरी?"

"काहून सांगावं? बीवी बराबर बनवते की!"

मागच्या सीटवर ताई डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या नव्हत्या, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी टेलरचं दुकान दुपारी उघडलं, आणि चाचांच्या मनगटाला पीठ लागलेलं होतं.