कुरडया आणि फिरती खुर्ची

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्या पिंप्राळ्यातल्या गल्लीत भल्या सकाळी गच्च्या जाग्या होतात. आज हिच्याकडे कुरडया, उद्या तिच्याकडे. जिच्या गच्चीवर आपण सोऱ्या दाबायला जायचं, तिनं आपल्या गच्चीवर यायचं. ही फेड कोणी बोलून दाखवत नाही आणि चुकवतही नाही.

माझ्या सासूबाई मूळच्या धुळ्याकडच्या, आणि सोऱ्या दाबण्यात गल्लीत पहिल्या. गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण जोर गेला तो गेलाच. यंदा मी गहू भिजवायचा विषय काढला, तर म्हणाल्या, "यंदा इकत आनसूत." विकतच्या कुरडया! मी हातातली परात खाली ठेवली. शेजारणींना बोलवू म्हटलं, तर तेही नको. आपण कोणाकडे जाऊ शकत नाही, तर कोणाला कोणत्या तोंडानं बोलवायचं? एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. मला इतकं वाईट वाटलं, की रागच आला. म्हटलं, बघतेच मी.

मी न विचारताच गहू भिजवले.

चीक शिजवायच्या दिवशी नवऱ्याला पहाटेच उठवून गच्चीवर पिटाळलं. दोन पिंपांवर दोन फळ्या टाकल्या, मधल्या फटीत सोऱ्या बसवला. बोअरचा एक लांब लोखंडी पाइप पडून होता. त्याचं एक टोक जिन्याच्या खिडकीच्या गजाखाली अडकवलं, मधे सोऱ्याचा दट्ट्या आला आणि दुसरं टोक माझ्या हातात. हापशाचा दांडा लांब असला की पोरंही पाणी काढतात, तसंच हे, असं मी नवऱ्याला ऐटीत समजावलं.

सासूबाई चिकाच्या वासानं वर आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांना बघून मला भलताच हुरूप आला. गरम चीक भरला, पाइपला धरलं आणि अक्षरशः लोंबकळले. सोऱ्या एका दमात रिकामा! खालच्या ताटात एकाच जागी एवढा मोठा ढीग.

"हाई कुरडाई शे का शेननी गवरी?" सासूबाईंनी विचारलं.

नवरा हसत खालीच बसला. माझ्या लक्षात आलं, कुरडई पडते ती हात गोल फिरतो म्हणून. मी तर सोऱ्या फळ्यांमधे जाम करून ठेवला होता! इतक्या वर्षांत शेकडो कुरडया घातल्या, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"सोऱ्या नही फिरस तं ताट फिरावा!" सासूबाई ओरडल्या. चीक निवत चालला होता. नवरा धावत खाली गेला आणि खालच्या आमच्या दुकानातली त्याची फिरती खुर्ची डोक्यावर घेऊन आला. पाठ काढून टाकली, बैठकीवर ताट ठेवलं, ते सोऱ्याखाली सरकवलं. मी दाबायचं, त्यानं खुर्ची फिरवायची. पहिल्यांदा त्यानं इतक्या जोरात फिरवली की चीक थेट त्याच्या मिशीवर. मला हसू आवरेना, पाइपवरचा हात सुटला, आणि समोरच्या गच्चीवरच्या बायका कठड्याला टेकून खिदळायला लागल्या.

"बाजूले व्हय. माले करू दे," सासूबाई म्हणाल्या.

मी बाजूला झाले. त्यांनी डावा हात पाइपच्या अगदी टोकाला ठेवला आणि सहज दाबला. खाली खुर्ची हळू फिरली. बारीक, गोल, एकावर एक वेटोळी, आणि मधे सुबक टोक. त्यांनी पाहिलं, मग दुसरी घातली, मग तिसरी. उजवा खांदा जागचा हलला नव्हता. चीक संपेपर्यंत त्यांनी मला पाइपला हात लावू दिला नाही. माझ्या वाट्याला फक्त वाटीभर गरम चीक आला, तेल घालून.

समोरची शेजारीण ओरडली, "आक्का, उद्या माझ्याकडे आहे हो!" सवयीनं बोलून गेली आणि मग तिनं जीभ चावली.

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "चीक शिजाड वं," त्या म्हणाल्या, "मी येस."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आमच्या गल्लीतून डाव्या खांद्यावर पाइप टाकून त्या पुढे निघाल्या होत्या, आणि खुर्ची ढकलत मागून आम्ही दोघं, त्यांना गाठायला पळत होतो.