पेटीवरचं हैदराबाद

मुलांनो, तुम्ही तिकडे नाणी जमवू लागलात असं ऐकलं, म्हणून हे सांगते.

रुपयावर सालाच्या खाली बारीक खूण असते. चौकट म्हणजे मुंबईची टांकसाळ, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. माझे सासरे गावच्या सोसायटीचे सचिव होते. दुष्काळात सोसायटीने चारा डेपो चालवला, तेव्हा सुट्ट्या पैशांसाठी बँकेतून कोऱ्या नाण्यांची पेटी यायची. सासऱ्यांनाही नाण्यांचा नाद होता; ते स्वतःचा रुपया टाकून तिच्यातला एक रुपया घरी आणत. त्यांना मोतीबिंदू होता. भिंगातून खूण बघून सांगायची आणि वहीत लिहायची, हे काम माझं. एरवी ते सुनांशी बोलत नसत. त्या पाच मिनिटांची मी वाट पाहायचे.

मग धाकटी जाऊ आली. शिरूर कासारकडची, मेंढपाळाची मुलगी, शाळा न पाहिलेली. दोनदा माझ्या खांद्यावरून डोकावली आणि भिंगाशिवाय खुणा सांगू लागली.

"मेंढराच्या कानावरली खूण लांबून वळखायची असती मामा. हे तर हातात हाय!"

सासरे खळखळून हसले. माझ्यापाशी ते कधी असे हसले नव्हते. दुसऱ्या दिवशी टँकरच्या पाण्यातून तिला आंघोळीला मी अर्धीच बादली दिली.

एकदा पेटी थेट आमच्या ओसरीवर उतरली. लाकडावर इंग्रजीत 'हैदराबाद' छापलेलं. जावेच्या आधी सांगायचं म्हणून मी नाणं न बघताच बोलले आणि वहीत लिहूनही टाकलं.

"बाई, चांदणी न्हाई हो ह्याच्यावर. ठिपका हाय."

"पेटीवर छापलंय. मला वाचता येतं."

"तुमी पेटी वाचली. म्या रुपाया बघितला."

मी भिंग धरलं. ठिपकाच होता. बँकेने जुन्याच पेटीत नवी नाणी भरली होती.

सासरे म्हणाले, "धाकटे, आता तूच बघत जा. थोरली लिहून घील."

मी हैदराबाद खोडून नोएडा लिहिलं.

पुढे सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, त्यांना स्वच्छ दिसू लागलं. तरी पेटी आली की ते तिलाच हाक मारत. मी वही घेऊन शेजारी बसायचे, दोघं काय बोलतात ते ऐकत.