सौद्यात न आलेली पेटी

तुमसर रोड स्टेशनावर मला सोडायला दादा आला होता. बाबा आले नव्हते, कारण सकाळीच आमचं वाजलं होतं. छत्तीसगड वेगळं राज्य झालं होतं, रायपूर राजधानी झाली होती, आणि तिथे घरांची ऑफिसं होऊन राहिली, सुतार मिळत नाही, असं जो तो सांगत होता. आमच्या दुकानात दोन भावांचं पोट भरत नव्हतं. दादा मोठा म्हणून तो राहणार, मी जाणार, हे कोणी न बोलताच ठरलं. मी मात्र बोललो. दुकानातला माझा वाटा सोडतो, म्हटलं, बदल्यात ठोकळ्यांची पेटी द्या.

बाबा रंधा मारत होते. मान वर न करता म्हणाले, “पेटीचा सौदा नाही होत, पोट्ट्या.”

वाटा मात्र सुटला तो सुटलाच. आधी देऊन मग मागायचं, ही चूक मी त्यानंतर कोणाशीही व्यवहार करताना केली नाही. आणि बाबांचं ते वाक्यही विसरलो नाही.

तुमसरात राहिलेल्यांना ती पेटी माहीत आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्यासाठी सांगतो. बाबा कोणाच्या घरी दाराची चौकट बसवून आले की तिचा छाटलेला तुकडा पेटीत टाकत. घासत नसत, सारखा करत नसत. कुठला तिरपा, कुठल्यात भोक, कुठला पाचरीसारखा. दादा आणि मी त्यातून वैनगंगेवरचा पूल बांधायचो, राइस मिल बांधायचो. खिळा नाही, सरस नाही. बांधलेलं कोसळलं की बाबा एवढंच विचारायचे, “काहून पडलं?” उत्तर दिल्याशिवाय जेवण नाही. आज कोणतंही कपाट पाहताक्षणी ते कुठे झुकणार हे मला कळतं, ते तिथूनच.

रायपुरात पहिली दोन वर्षं ब्राह्मणपाऱ्यात एकाच्या पडवीत काम केलं. मग तात्यापाऱ्यात स्वतःचं दुकान टाकलं. सागवानाच्या जागी प्लाय आलं, सनमायका आलं, पार्टिशन आली. गिऱ्हाइकाला ‘हव भैया’ म्हणायला शिकलो आणि त्याच दमात त्याचा भाव मोडायलाही. मुलगी झाली, तिच्याशी मी मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. बाबा गेले तेव्हा तेराव्यापर्यंत तुमसरला राहिलो, पण पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. दादाशी कामापुरतं बोललो.

मग मी स्वतःच ठोकळे काढायला लागलो, लहान मुलांच्या शाळांसाठी. बाबांच्या ओबडधोबड तुकड्यांपेक्षा चांगले करून दाखवायचेच होते मला. मशीनवर कापलेले, सुताचाही फरक नाही, कडा गोल, चार रंग. चौबे कॉलनीतल्या एका शाळेने घेतले. महिन्याभराने तिथल्या दीदींनी, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंनी, बोलावलं. म्हणाल्या, “भैया, बच्चे दो दिन खेले, अब फेंक के मारते हैं.”

मी तापलो. मालात खोट काढून भाव पाडायचा डाव मला ओळखता येतो. मुलांना खेळायला शिकवा, म्हटलं, आणि दाखवतो म्हणून तिथेच फरशीवर बसलो. वैनगंगेचा पूल बांधायला घेतला. भिंत झाली. दुसरी भिंत झाली. वर आडवं टाकायला लांब तुकडा नाही, टेकू द्यायला तिरपा नाही, खाली सरकवायला पाचर नाही. सगळे सारखे. माझी मुलगी त्याच शाळेत होती, ती पाहत होती. म्हणाली, “पापा, इससे तो बस दीवार बनती है.”

दीदी ठोकळे गोळा करून खोक्यात भरू लागल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

त्या दिवाळीत बायको माहेरी होती, मी मुलीला घेऊन तुमसरला गेलो. या वेळी तयारीनं गेलो होतो: दादासाठी नवा इलेक्ट्रिक रंधा घेतला होता. तो समोर ठेवला की पेटी मागायची. दादानं खोका उघडून पाहिला आणि हसला.

“पेटीसाठी आणलं न बे? घेऊन जा पेटी. बाबा हायेत का आता अडवाले?”

इतकी वर्षं ज्यासाठी दात धरला, ते असं फुकट मिळालं. मला त्याचाही रागच आला. पेटी ओढून उघडली, तर अर्धे तुकडे अनोळखी. मी गेल्यावरही दादा टाकत राहिला होता. मुलगी एकेक तुकडा उचलून विचारू लागली, “ये किसके घर का है?” आणि दादा सांगू लागला. हा मास्तरांच्या दाराचा, हा तेल्याच्या, हा त्या विधवेच्या, तिच्या घराले दारच नव्हतं आधी. एकदाही अडखळला नाही. रायपुरात तिला ही नावं कोण सांगणार होतं? मी? मला अर्धी माहीत नव्हती, आणि माझ्या दुकानातले छाटलेले तुकडे तर मी आजवर चहावाल्याच्या भट्टीला देत होतो.

“राहू दे,” मी म्हटलं. “इथंच राहू दे.”

“मंग रंधा वापस नेतं का?”

“ठेव. मी दिलेलं परत घेत नाही.”

त्यानं रंध्याचा खोका बंद करून फळीवर ठेवला. वाट्याचं दोघांच्याही मनात आलं असणार.

संध्याकाळी दादा स्टेशनावर आला. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, “घरी पोचला का फोन कर मले.”

आजवर तो ‘घरी कधी येतं’ असं विचारायचा. आता घर त्यानं रायपूरला करून टाकलं. गोंदियापर्यंत मी धुमसत होतो. आधी वाटा गेला, आता घरही गेलं, तेही मला न विचारता. डोंगरगड गेलं, दुर्ग गेलं. मुलगी मांडीवर झोपली होती. रायपूरला उतरलो, रिक्षावाल्याशी भाव केला, कुलूप उघडलं, दिवा लावला आणि दादाला फोन केला.

“पोचलो घरी,” म्हटलं.