माकडाचं पिल्लू आणि पाणकोंबडी

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्या आर्णीकडच्या शेतात माकडांची टोळी उतरते. त्या वर्षी मी हट्ट करून नाल्याच्या कडेनं नायलॉनची जाळी लावून घेतली. सासूबाई नको म्हणत होत्या. "त्यात काईबी अटकते," म्हणाल्या. मी ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गेलो तर जाळीत दोन जीव अडकलेले. अलीकडे पाणकोंबडी आणि पार पलीकडच्या टोकाला माकडाचं पिल्लू. पिल्लू किंचाळत होतं, त्याची आई बांधावर बसून दात विचकत होती. पाणकोंबडी गप्प पडून होती. मानेला दोरा गुंडाळलेला, पांढरी छाती तेवढी खालीवर होत होती.

विळा माझ्या हातात होता. मी तिच्या शेजारून पुढं निघाले.

"अवं, आधी इले सोडव ना. इथंच तं आहे," सासूबाई म्हणाल्या.

"ते लेकरू लय रडून राह्यलं, आई. आलीच मी."

माकडाला मी लेकरू म्हणाले. त्यानं माझं मनगट धरलं, तेव्हा त्या बोटांवरची नखं पाहून मला माझ्या पोरीचं बाळपण आठवलं. एकेक दोरा जपून कापला. मागं सासूबाई पाखराजवळ बसून हातानंच गाठी सोडवत होत्या. त्यांना जवळचं नीट दिसत नाही.

पिल्लू आईच्या पोटाला बिलगलं आणि मी हसत वळले. पाणकोंबडीची मान सासूबाईंच्या हातावर लोंबत होती.

"गेली," त्या म्हणाल्या.

पुढं बचत गटात मी पिल्लाची गोष्ट रंगवून सांगितली. बायांनी कौतुक केलं. सासूबाई तिथंच बसून होत्या. घरी येताना मी विचारलं, "आई, तुमी पाखराचं काहून नाई सांगितलं?"

"ते तुह्यं सांगनं होतं. म्या कायले सांगू?"

पुढच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. कुणीतरी म्हणालं, पाखरूच तं होतं. मला त्यानं बरं वाटलं नाही. माझ्या वाटेवर ती पहिली होती. दोन दोरे कापायचे होते. ती ओरडली असती तर मी थांबले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी जाळी गुंडाळली. अर्धा हरभरा माकडांनी खाल्ला. उरलेला आम्ही दोघींनी मिळून काढला.