नानांचा भोंगा आणि चकतीचं भोक

आता लाज गुंडाळून ठेवूनच सांगतो. चहा निवला तरी चालेल, पण हे ऐका!

मी पुण्याहून इंजिनिअरीची परीक्षा नुकताच पास झालेलो. कोपरीला माझ्या सासऱ्यांची, म्हणजे नानांची, वाफेवर चालणारी भाताची गिरणी. नानांना हौस आली, गिरणीला भोंगा हवा. कसा? पार लांब टेंभी नाक्यापर्यंत ऐकू जाईल असा!

भोंग्यात वाफ सोडायची ती पितळेच्या चकतीला पाडलेल्या भोकातून. भोक मोठं झालं तर बॉयलर रिकामा, बारीक झालं तर भोंगा मुका. आता घरात इंजिनिअर जावई असताना माप काढायला परका कशाला?

मी सूत्र मांडलं. त्यात एक आकडा लागतो. वायू कोंडून तापवला तर उष्णता कमी लागते, फुगू दिला तर जास्त. त्या दोहोंचं गुणोत्तर, प्रत्येक वायूचं निराळं. पुस्तकातल्या उदाहरणात हवेचं होतं, एक पूर्णांक चार दशांश. तेच उचललं आणि निघालेलं माप कारागिराला सांगितलं!

उद्घाटनाला मामलेदार आले, वकील आले. नानांनी पागोटं सावरून साखळी ओढली.

"फुस्स्स…"

"जावईबापू," नाना म्हणाले, "हा भोंगा की दमेकरी?"

मी घाईघाईने कागद तपासला. अरे देवा! वाफेला हवेचा आकडा लावलेला! वाफेचा त्याहून कमी असतो. झालं, मला जोर चढला. चारचौघांत व्याख्यानच दिलं, "मंडळी, गुणोत्तर चुकलं की सगळं चुकतं!" नवीन चकती करवली. भोक किती वाढलं? केसभर!

मंडळींना पुन्हा बोलावलं. पुन्हा साखळी.

"फुस्स्स…"

"वा, पहिल्यापेक्षा दमदार आहे हं," मामलेदार म्हणाले. त्या मायेपेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं! नाना खाली बघत होते. खिडकीत बायको उभी होती, तिच्याकडे मान वर करून बघण्याची माझी छाती झाली नाही.

मग भोक स्वतःच आखायला बसलो. कंपासाचे पाय मापाएवढे उघडले, वर्तुळ फिरवलं आणि चकती त्यावर ठेवून पाहिली. चकतीवरच्या भोकाच्या दुप्पट रुंद! सूत्रातून निघत होती त्रिज्या, आणि मी कारागिराला ती व्यास म्हणून सांगत होतो. दोन्ही वेळा! गुणोत्तर बिचारं उगाच बदनाम झालं.

तिसऱ्या वेळी आमंत्रण कुणालाच नाही. भोंग्याखाली उभं राहून मीच साखळी ओढली.

भोंऽऽऽऽ!

कबुतरं उडाली, बैल उधळले, माझ्या कानांत नुसता झांजांचा गजर! नाना लगबगीने आले, हातवारे करत काहीतरी बोलले. मी नम्रपणे वाकून हात जोडले, "सगळा तुमचाच आशीर्वाद, नाना!"

संध्याकाळी कान जरा उघडले तेव्हा बायकोने विचारलं, "नाना काय म्हणाले, ते इकडे ऐकू तरी आलं का?"

"शाबासकी दिली ना?"

"'यापुढे गिरणीच्या यंत्रांना हात लावलात तर याद राखा,' म्हणाले!"