मागून कुणीच ठोकलं नव्हतं

गाडी चालवायला शिकले तेव्हा माझी पन्नाशी जवळ आली होती. गाडी जुनी, पुण्याहून कुणाची तरी वापरलेली घेतलेली. ह्यांना ती आवडली तिच्या उंचीमुळे. आमच्या सणसरला दारात आली त्याच दिवशी ह्यांनी पुढच्या डाव्या सीटच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल टाकला. आमच्या भागात त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. टॉवेल दिसला की आत बसणारा माणूस कारखान्याच्या, सोसायटीच्या, गेला बाजार दूध डेअरीच्या तरी बोर्डावर असणार. आमचे हे कुठल्याच बोर्डावर नव्हते. टॉवेल मात्र दर आठवड्याला नीळ घालून मला वाळत घालावा लागे.

मी शिकले ती आईसाठी. आई पळसदेवला एकटी राहते. भाऊ पुण्यात असतो, पण त्याच्या फ्लॅटमध्ये ती दोन दिवसांत कासावीस होते. तिचा उजवा खांदा धरलाय, हात कानाच्या वर जात नाही. केस धुणं, विंचरणं, अंबाडा घालणं तिचं तिला होत नाही, आणि शेजारणीपुढे डोकं धरायची तिला लाज वाटते. केस तेव्हा कमरेखाली येत होते. म्हणून दर गुरुवारी मी जायचे. सकाळची कामं उरकून आतल्या रस्त्याने हायवे गाठायचा, आईचं न्हाणं करायचं, ती केस वाळवत ओट्यावर बसली की चार भाकरी टाकायच्या आणि संध्याकाळच्या धारांच्या आत घरी परतायचं.

गाडीच्या आधी हेच काम एसटीने करत होते. सणसरहून इंदापूर, इंदापूरहून पळसदेव, आणि दोन्हीकडे एसटीची वाट बघण्यात जीव जायचा. शिवाय निघण्याआधी घरात सगळ्यांची तोंडं बघावी लागत. गाडी आल्यावर चावी स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला असायची. काढायची आणि निघायचं. ह्या एका गोष्टीसाठी मला कुणाला विचारावं लागत नव्हतं. माझ्या वयाच्या बाईकडे अशा किती गोष्टी असतात, ते ज्याने त्याने आपापल्या घरात बघावं.

उन्हाळ्याचे दिवस होते. उजनी धरणाचं पाणी पार उतरलं होतं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं आणि ते बघायला लांबलांबचे लोक येत होते. त्या गुरुवारी हायवेवर दुपारची सामसूम होती. मी आपली डाव्या कडेने, बेताने चालले होते. पुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं. आणि फाट्‌कन आवाज होऊन कुणीतरी मागून माझ्या टाळक्यात हाणलं.

पहिल्यांदा वाटलं, मागच्या सीटवर कुणी लपून बसलंय. गाडी कडेला घेतली, मागे वळून बघितलं. आईसाठी घेतलेली दुधाची किटली तेवढी होती, तीही सांडली नव्हती. मग दिसलं की माझ्या सीटची डोक्यामागची उशी, जिला हेडरेस्ट म्हणतात, ती मधोमध उघडली होती. तिचा पुढचा अर्धा भाग वीतभर पुढे आला होता आणि आतलं काळं प्लॅस्टिक आणि स्प्रिंग दिसत होती. दाबून बघितली, आत जाईना. शेवटी हनुवटी छातीला लावून, लाजलेल्या नवरीसारखी मान खाली घालून मी पळसदेव गाठलं.

आईने डोक्यावरचं टेंगूळ चाचपलं आणि तिचा चेहराच बदलला.

"कुनी मारलं गं?"

"गाडीनं मारलं."

"गाडीनं? मग असू दे," ती म्हणाली आणि सुस्कारा सोडला. टेंगळाची ती खरीखुरी चौकशी तेवढीच झाली. पुढे जे झालं ती चौकशी गाडीची होती.

घरी आल्यावर वस्तीवरचे सगळे पुरुष गाडीमागे उकिडवे बसले. ह्यांनी बंपरवरून हात फिरवला. मग माझ्या थोरल्या दिरांनी, त्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांनी फिरवला. बाजारात बैल तपासावा तसा तो बंपर सगळ्यांनी तपासला. खालच्या अंगाला एक जुना ओरखडा होता, गाडी घेतली तेव्हापासूनचा. त्यावर सगळ्यांची बोटं येऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी बारामतीला एमआयडीसीजवळच्या गॅरेजात गाडी नेली. मी हट्टाने बरोबर गेले. मेकॅनिक ह्यांना म्हणाला, "मॅडमना विचारा, मागून कुणी ठोकलं का." मी शेजारीच उभी होते. मी म्हणाले, "मागून कुणीच ठोकलं नाही." त्याने ते ऐकलं आणि पुन्हा ह्यांच्याकडे बघितलं. मग त्याने समजावलं. ह्या मॉडेलची उशी मान वाचवायला केलेली असते. मागून दणका बसला की आतला खटका सुटतो आणि स्प्रिंग उशीला पुढे फेकते, म्हणजे माणसाची मान मागे झटकत नाही. "दणका बसल्याबिगर ती सुटतच न्हाय," तो म्हणाला. कॉम्प्युटर लावून बघितला, त्यावर काही आलं नाही. मग त्याने स्क्रूड्रायव्हर घालून उशी मागे ढकलली, खटका बसला, आणि काम झालं.

परतीच्या वाटेवर, सणसर जवळ आल्यावर हे म्हणाले, "खरं सांग. मी काय खानार हाय का तुला? रिव्हर्सला कुठं टेकवलीस?"

"कुठंच नाही."

"बाभळीला? तुज्या आईच्या दारात हाय की बाभळ."

"नाही म्हटलं ना."

"मग त्यो मेकॅनिक खोटं बोलतूय व्हय?"

मी ह्यांच्या घरी आल्यापासून कधीच खोटं बोलले नाही, असा माझा दावा नाही. पाहुणे नकोसे झाले की साखर संपल्याचं मी सांगितलंय. दुखत नसलेलं डोकं दुखवून घेतलंय. पण ते सगळं खोटं सहज पचलं होतं. हे एक खरं होतं, आणि ते खरं आहे हे दाखवायला माझ्याकडे माझ्या तोंडाशिवाय काही नव्हतं. त्या तोंडाची घरात काय पत आहे ते त्या दिवशी कळलं. राग आला होताच. त्याहून जास्त भीती वाटली.

त्या दिवसापासून चावी खिळ्यावरून ह्यांच्या खिशात गेली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. "तुज्या मानेची काळजी म्हनून," एवढंच. हे आणि पुतण्या तीच गाडी घेऊन हिंडत होते आणि त्यांच्या टाळक्यात उशी काही बसत नव्हती. घरात वर्दळ असली की माझ्या बाभळीचा विषय हमखास निघायचा. सगळे हसायचे. सुरुवातीला मी भांडले. मग नुसती बघत राहिले. मग मीही हसायला लागले, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

आईकडे जाणं पुन्हा एसटीवर आलं. पाऊस सुरू झाला, लावणीची, खुरपणीची कामं निघाली, गुरुवार चुकू लागले. "सोडता का मला पळसदेवला?" असं विचारलं की ह्यांचं उत्तर "बघू" असायचं. श्रावणात एकदा पोचले तर आई ओट्यावर पदर घट्ट डोक्यावरून घेऊन बसलेली. पदर काढला तेव्हा बघितलं, केस कानापर्यंत कापलेले होते. खालीवर, कसेही. गुंता झाला होता, उवा झाल्या होत्या, म्हणून तिने शेजारणीच्या सुनेला कात्री आणायला सांगितलं होतं.

"सुटले बघ," आई म्हणाली. "आता तुला बी काय काम न्हाय. नको येत जाऊ येवढ्या लांब."

मी तिथेच बसून रडले. तिने डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं.

दसऱ्याला आमच्याकडे वाहनांची पूजा जोरात असते. ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि ती गाडी सकाळीच धुवून अंगणात ओळीने उभ्या केल्या होत्या. झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबं ठेवली. गाडीत कुणी नव्हतं. काचा खाली होत्या. आबा नारळ घेऊन पुढे उभे, मी आरतीचं ताट घेऊन त्यांच्या मागे. ऊन चांगलंच तापलं होतं. आबांनी नारळ डोक्यावर उचलला आणि गाडीच्या आत फाट्‌कन आवाज झाला. डाव्या सीटची उशी सुटली. वरचा पांढरा टॉवेल उडून गिअरवर जाऊन पडला.

आबांचा नारळ तसाच वर राहिला. ह्यांनी दार उघडून आत डोकं घातलं, उशीला हात लावला आणि बाहेर आले.

"च्या मायला," आबा म्हणाले. "मंजी आपसूक उघडती म्हनायची."

मी ताट धरून उभी होते. मला वाटलं, आता कुणीतरी माझ्याकडे बघेल. मला माफी नको होती, खरंच नको होती. "तू खरं बोलत व्हतीस" एवढं एक वाक्य, तेही नसलं तर नुसती एक नजर चालली असती. आबांनी नारळ फोडला. सगळ्यांनी हातावर खोबरं घेतलं. मग आबा ह्यांना म्हणाले, "असल्या गाडीत बायामानसांनी न बसल्यालंच बरं." ह्यांनी मान हलवली. म्हणजे मी खोटी होते तेव्हा चावी नाही, आणि खरी ठरले तेव्हाही नाही. माझ्या वाटणीचं खोबरं मी ताटातच ठेवलं.

दिवाळीच्या आत ह्यांनी गाडी विकली. घेणारे इंदापूरकडचे एक बागायतदार, पेरू आणि ढोबळी मिरची करणारे, वयाने मोठे, तात्या म्हणावेत असे. ते बघायला आले तेव्हा दोन्ही उशा आत दाबून बसवलेल्या होत्या. मी आतून ह्यांना खुणेने बोलावून म्हणाले, "त्यांना सांगा हं उशीचं." हे म्हणाले, "सांगतो की. तू चहा ठिव." मी चहा ठेवला. ह्यांनी सांगितलं असणार, असं मी धरून चालले.

थंडीत एकदा इंदापूरच्या स्टँडवर पळसदेवच्या एसटीची वाट बघत होते. रस्त्यापलीकडे आमची गाडी उभी दिसली. स्टेअरिंगवर एक तरुण मुलगी होती आणि शेजारी तेच तात्या. मला बघून त्यांनी हाक मारली. सूनबाई बारामतीला एमआयडीसीत नोकरीला आहे, रोज हीच गाडी घेऊन जाते, असं कौतुकाने सांगितलं.

"तात्या, ती उशी दाखवली का कुठं?"

"कसली उशी?"

मी सगळं सांगितलं. हायवेवरचं सांगितलं, दसऱ्याचं सांगितलं. उशा बदलून घ्या म्हणाले. तोवर हिला चालवू देऊ नका, हे शब्द अगदी ओठांवर आले होते, ते गिळले आणि म्हणाले, "तोवर गाडी बाजूला ठेवा."

तात्या हसले. "आसं व्हय! आवो मालकांनी सांगितलंय की समदं. तुमच्या हातनं रिव्हर्सला बाभळीला बसली व्हती, तवा उघडली. आमी त्यो बंपरबी बघून घेतला. व्हतंय वहिनी, नवीन शिकताना समद्यांचंच व्हतंय."

"कधी सांगितलं त्यांनी?"

"ही काय, यवहाराच्या दिशी. तुमी चा ठेवला व्हता बघा."

म्हणजे दसऱ्यानंतर. डोळ्यांनी बघितल्यानंतर, त्या उघड्या उशीला स्वतःचा हात लावल्यानंतर. मी आत गाळणी शोधत होते तेव्हा.

"मी नाही ठोकली," मी त्या मुलीला म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण स्टँडवरचे दोघेतिघे वळून बघायला लागले. "मी कध्धीच कुठं ठोकली नाही."

"बरं काकू," ती मुलगी म्हणाली. फार गोड होती. चोरी पकडली गेलेल्या वडीलधाऱ्या माणसाकडे बघवत नाही, तसं तिने नजर वळवली. मग उशीला डोकं टेकवून तिने आरशात बघितलं, आणि मी बघतेय हे माहीत असल्यामुळे जरा जास्तच सांभाळून, सावकाश, गाडी रिव्हर्स घेतली.