सात नंबरची मिरची

"लॉट कुठला?"

हा प्रश्न काका भाजीवाल्याला विचारत, हलवायाला विचारत, आणि एकदा एका लग्नात जिलबी वाढणाऱ्यालाही त्यांनी तो विचारला. वाढणारा गोंधळून उभा राहिला. काकांनी ताटातली जिलबी उचलली, उलटी केली, नखाने टिचकी मारून कानाशी धरली आणि म्हणाले, "चालेल. पुढे वाढा." तोवर पंगतीतला अर्धा वरणभात संपला होता.

खडकी बाजारातला भेंडीवाला एकदा वैतागून म्हणाला, "काका, सगळा लॉट मातीतला." काका म्हणाले, "ठीक आहे. तारीख?"

काकांचं नाव इथे देत नाही. परवानगी मागितली असती तर त्यांनी अर्ज तीन प्रतींत मागवला असता. खडकीतल्या एका दारूगोळा कारखान्यात ते तपासनीस होते. निवृत्त झाले, पण तपासणी थांबली नाही. तुमच्याही इमारतीत असा एखादा गृहस्थ असेल, की ज्याच्या दारावरून जाताना हातातली पिशवी आपोआप मागे जाते.

स्टेशनच्या मागे आमची चार मजली सोसायटी. ते चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मी वर्तमानपत्रात उपसंपादक, कामावर दुपारी जाणारा. त्यामुळे सकाळी मी रिकामा असतो, असं त्यांचं मत होतं. जिन्यात "जय भीम, पत्रकार" झालं की पुढचं वाक्य हमखास कामाचं असायचं.

मी एकदा त्यांना सहा आंबे नेऊन दिले. काकांनी ते टेबलावर ओळीने मांडले, डोळे घट्ट मिटले, हात फिरवून एक उचलला, कापला, खाल्ला. "लॉट पास," म्हणाले, आणि उरलेले पाच पिशवीत घालून मला परत दिले. तपासायला दिलेला माल ठेवून घ्यायची त्यांना सवय नव्हती. आंबे भेट आणले होते, हे मी सांगेपर्यंत दार लागलं होतं.

"डोळे कशाला मिटता?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"उघड्या डोळ्यांनी उचललेला नमुना म्हणजे लाच," काका म्हणाले.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते आमच्या सगळ्यांच्या जिवावर आलं.

काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्या पोळी तव्याऐवजी शेगडीच्या कडेवर टाकत, आमटीत मीठ दोनदा घालत, आणि जिन्यात मला वॉचमन समजून पाण्याच्या टाकीची चौकशी करत. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणत, "मला दिसतंय सगळं." एकदा हे वाक्य त्यांनी फ्रिजकडे तोंड करून उच्चारलं. काका फ्रिजशेजारी उभे होते.

वर्षभर काका विनवत होते. विनवणी त्यांच्या पद्धतीची होती. रोज संध्याकाळी रजिस्टर काढून वाचून दाखवायचे: "आज तवा एकदा, उंबरठा दोनदा." मग एक दिवस काकू जिन्याच्या तीन पायऱ्या घसरल्या. लागलं नाही. पण त्या दिवशी रजिस्टरमध्ये नोंद झाली नाही.

त्याच दिवशी काकूंनी अट घातली. गच्चीवर काकांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांत ढोबळी मिरची लावली होती. लाल ढोबळी करून दाखवायची हे त्यांचं स्वप्न. तीन वर्षांत एकही लाल झाली नव्हती. कधी पोपटांनी फोडली, कधी काकूंनीच हिरवी असताना भाजीला तोडली.

"तुमची एक तरी ढोबळी लाल होऊ दे," काकू म्हणाल्या, "मी त्याच आठवड्यात दवाखान्यात जाते."

अट त्यांनी विचार करूनच घातली होती.

उन्हाळा सुरू होता होता सोसायटीची सूचना लागली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रविवारपर्यंत गच्ची मोकळी करावी. काकांनी डबे खाली आणायचं ठरवलं. पहिल्याच डब्याचं बूड माझ्या दारासमोर सुटलं. माती दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. चेअरमन वर आले, चपलेकडे बघून म्हणाले, "शेती खाली सरकली वाटतं." काकांनी वर जाऊन उरलेली बुडं तपासली. बाकीच्या डब्यांना हात लावण्यात अर्थ नव्हता. झाडांवर अकरा मिरच्या होत्या. सगळ्या हिरव्या.

"तोडून घरात पिकवू," काका म्हणाले. "पत्रकार, साक्षीला चला."

प्रत्येक मिरचीच्या देठाला सुतळी बांधून पुठ्ठ्याचा बिल्ला लावला. एक ते अकरा. मी उजेडात धरून वर्णन सांगायचं, त्यांनी रजिस्टरमध्ये लिहायचं, मी सही करायची. एक, हिरवी. दोन, हिरवी. सहापर्यंत हेच. मग मी म्हणालो, "सात. बुडाशी नखाएवढा तांबूस डाग."

काकांनी पेन खाली ठेवलं. चष्मा पुसला. पुन्हा पेन उचललं. "नखाएवढा म्हणजे कुठल्या बोटाच्या?"

"करंगळीच्या."

तसं लिहिलं गेलं.

बातमी इमारतीत पसरायला दुपारही लागली नाही. तळमजल्यावरून निरोप आला, कागदी पिशवीत ठेवा. पहिल्या मजल्यावरून पिकलेलं केळं आलं, बरोबर ठेवायला. कुणी टोमॅटो आणला, कुणी सफरचंद. आयटीवाल्या जोडप्याने मोबाइलवर शोधून सांगितलं, "काका, पूर्ण ग्रीन असेल तर घरात होतच नाही. कलर आधी ब्रेक झालेला पाहिजे."

"म्हणजे सात नंबर," काका म्हणाले.

टोपलीला आतून माझ्या वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी लावली. "जाड असते," काका म्हणाले. "तेवढा उपयोग आहे."

मी निघालो तेव्हा काकू दाराशी आल्या. "कुठली हो ती, डागवाली?"

"सात नंबर."

"टोपलीत कुठंय?"

"डावीकडे. केळ्याला लागून."

बावीस वर्षं बातमीदारीच्या धंद्यात काढलेला माणूस इतक्या सहज माहिती फोडतो, हे मला त्या क्षणी जाणवलंही नाही.

आता मुख्य अडचण. काका रोज सकाळी नमुना काढणार होते. डोळे मिटून टोपलीतून एक मिरची उचलायची, कापायची, आतून रंग बघायचा. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. नमुना फोडल्याशिवाय लॉटचं खरं कळत नाही.

"काका, निदान सात नंबर बाजूला ठेवा," मी म्हणालो.

"बाजूला काढली तर तो नमुना कसला?"

सोमवारी सकाळी त्यांच्या खोलीत सात माणसं होती. काकांनी डोळे मिटले. हात टोपलीत गेला, डावीकडे सरकला. तळमजल्यावरच्या बाई "अगं बाई" म्हणून बसल्या. हात केळ्याला लागला, थबकला, उजवीकडे वळला. वर आली चार नंबर. आतून हिरवी, बिया पांढऱ्या. आयटीवाल्याने टाळ्या वाजवल्या. काकूंनी चार नंबरची पीठ पेरून भाजी केली.

मंगळवारी नऊ नंबर. भाजी, बटाटा घालून. काकांनी टोपली पुन्हा लावायला घेतली, मोजली. पुन्हा मोजली. बिल्ले वाचले.

सात नंबर नव्हती.

चौकशी बसली. इमारतीतल्या प्रत्येकाचा जबाब झाला. कुणीतरी उंदराचं नाव घेतलं. "उंदीर बिल्ल्यासकट नेत नाही," काका म्हणाले. पोपटाचं नाव निघालं. "दार वाजवून आला असेल," काका म्हणाले. चेअरमनना त्यांनी विचारलं, "सोमवारी दुपारी आपण कुठे होतात?" चेअरमन म्हणाले, "तुमची माती झाडत होतो." माझा जबाब त्यांनी घेतला नाही. साक्षीदार संशयापलीकडे असतो, असं त्यांचं म्हणणं. मी मात्र काकूंकडे बघत होतो. त्या निवांतपणे लसूण सोलत होत्या. सालं वाटीत आणि पाकळ्या कचऱ्यात.

जागा त्यांना मीच सांगितली होती, हे मी दाबून ठेवलं. आता सांगायला हरकत नाही.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार नमुने निघत राहिले. भरली ढोबळी, ढोबळीची चटणी, पुन्हा पीठ पेरून. शनिवारी काकांनी टोपलीत उरलेल्या पाच मिरच्या पाहिल्या. सुरकुतल्या होत्या, मऊ पडल्या होत्या, आणि ठाम हिरव्या होत्या. सुरी त्यांनी उचलली नाही.

"लॉट नापास," म्हणाले.

रविवारी सकाळी चेअरमन वर आले, पाठोपाठ मीही. चेअरमनच्या हातात कागदाची पुडी होती. "अहो, जिन्यात सापडली," म्हणाले. आत मिरची होती. लालभडक, गुळगुळीत, देठाला पुठ्ठ्याचा बिल्ला, बिल्ल्यावर सात.

काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्यांचे हात थांबले.

काकांनी एवढंच म्हणायचा अवकाश होता: लाल आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं असतं. त्यांनी मिरची उलटी केली, टिचकी मारली, कानाशी धरली. तळहातावर तोलली. मग सुतळीची गाठ बघितली.

"वजन दुप्पट," काका म्हणाले. "सुतळी नाही, नायलॉनचा दोरा आहे. गाठ उजव्या हाताने मारलेली आहे, मी डावखुरा. आणि देठाला दुकानातलं स्टिकर आहे, अर्धं." त्यांनी मिरची पुन्हा पुडीत गुंडाळली आणि दोन्ही हातांनी चेअरमनना परत दिली. "आपला हेतू चांगला आहे. नोंद घेतो. पण ही माझी नाही."

चेअरमन म्हणाले, "अहो, कुणाला कळलं असतं?"

"तिला नसतं कळलं," काका म्हणाले. "तिला तर काहीच दिसत नाही. म्हणूनच."

तेव्हा काकू वळल्या. भिंतीला हात लावत कोपऱ्यातल्या तांदळाच्या डब्यापाशी गेल्या. झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि एक मिरची बाहेर काढली. तांदळाचे दाणे झटकून टेबलावर ठेवली. सुतळी, पुठ्ठा, सात नंबर. थोडी आकसलेली.

"तुमच्या सुरीखाली आली असती," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि मला भीतीही वाटत होती. डोळ्यात हत्यार घालतात म्हणे. म्हटलं, लपवली की विषय संपला."

"तांदळात लपवलीस?" काका म्हणाले.

"दुसरी जागा सुचली नाही."

"आपण चिकू कुठे पिकवतो?"

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. "तांदळातच," म्हणाल्या.

मला हसू फुटलं. चेअरमनना फुटलं. काकूंनाही फुटलं. काका मात्र खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी रजिस्टर उघडलं. "साक्षीदार, रंग सांगा."

मी मिरची खिडकीशी नेली. "लाल," म्हणालो.

"पूर्ण?"

मला खोटं सांगता आलं असतं. समोर तो माणूस होता, ज्याने आत्ताच पुडी परत केली होती. "देठापाशी बोटभर हिरवी आहे," मी म्हणालो.

चेअरमननी माझ्याकडे जसं पाहिलं तसं त्यांनी त्या मातीकडेही पाहिलं नव्हतं.

काकांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. "मग पास कशी करू?" त्यांनी अगदी हळू विचारलं. ते कुणाला विचारत होते कोण जाणे.

"द्या इकडे," काकू म्हणाल्या. त्यांनी पेन काढून घेतलं, काकांचा हात धरून पानावरची जागा शोधली, काहीतरी लिहिलं. "उद्या फोन करा दवाखान्यात. आणि ती मिरची कापायची नाही. मला बघायचीय."

काकांनी रजिस्टर मिटलं. कुणालाही दाखवलं नाही.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि काकू काळा चष्मा लावून घरी आल्या. मी वर गेलो. टेबलावर बशीत सात नंबर होती, आता आणखी आकसलेली, पण लाल. काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं बाई," म्हणाल्या, "अशी असते होय लाल!" मग भिंतीकडे, कॅलेंडरकडे, बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघत सुटल्या. "यांचा कोट निळा आहे! केव्हापासून करडा समजत होते मी." मग माझ्याकडे वळल्या. "पत्रकार, हा शर्ट पांढरा समजून घालता की काय?"

शेवटी काकांकडे पाहिलं. बराच वेळ.

"तुमचे केस सगळे पांढरे झाले? कधी?"

"नोंद आहे," काका म्हणाले.

ते दोघे आता खराडीला मुलीकडे राहतात, बाराव्या मजल्यावर. खडकीपासून ते काही फार लांब नाही, पण मी अजून गेलो नाही. भेंडीवाला अधूनमधून विचारतो, "ते लॉटवाले कुठे गेले?" आणि मग स्वतःच तारीख सांगतो. गच्चीवर कुंड्या ठेवू नयेत, असा फलक लागला आहे. चौथ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले आहेत. त्यांच्या पिशवीत काय आहे हे मला माहीत नाही.

जाताना काका ते रजिस्टर मला देऊन गेले. "तुमच्या सह्या आहेत," म्हणाले, "तुमच्याकडेच राहू दे."

मी ते पान शोधलं. एक ते अकरा, काकांचं बारीक, सरळ अक्षर. रकान्याबाहेर एक रेघ नाही. शेवटचा रकाना निर्णयाचा. दहा ठिकाणी नापास. सात नंबरसमोर शाईचा एक ठिपका आहे, पेन टेकून राहिलं होतं तिथला. तिथूनच सुरू होऊन, आठ आणि नऊ नंबरच्या ओळी ओलांडत, पानाच्या कडेपर्यंत गेलेलं तिरकं, मोठं अक्षर आहे: पास.

ते काकांनी कधी खोडलं नाही.